शेवटी लिहिलं ते राहिलं

रुग्णालयाच्या नोंदणी विभागात तिला सगळे एक्स्प्रेस म्हणत, आणि हे कौतुक आहे असं ती धरून चालली होती. अर्धं तरी होतंच. बाकीच्या कारकुनांना एका पेशंटची फाइल उघडून, तारीख घालून मिटवायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात ही पाच जणांना वाटेला लावून चष्मा पुसत बसलेली असे. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणायची, हिची बोटं हिला विचारत नाहीत, आपली आपण काम करतात. हे ऐकून एक्स्प्रेस हसायची आणि वेग आणखी वाढवायची.

ती हुशार होती, यात वादच नाही. फक्त आपण हुशार आहोत हे तिला फार लहानपणी कळलं होतं, आणि तेव्हापासून दुसऱ्याची चूक तिच्या डोळ्यांत खुपत असे. स्वतःची चूक तिला दिसत नसे असं नाही. ती होतच नाही, असं तिचं अगदी प्रामाणिक मत होतं.

तिच्या वेगामागे एक युक्ती होती. विभागातले कॉम्प्युटर जुने. एक फाइल उघडायला मिनिटभर लागायचं, तेवढ्यात माणसाची सावकाश जांभई देऊन व्हायची. म्हणून सकाळी साडेनऊला आल्याबरोबर ती दुसऱ्या दिवशीच्या चाळीस पेशंटांच्या फायली एकदमच उघडायला टाकायची आणि चहाला जायची. परत येईपर्यंत सगळ्या उघडलेल्या. मग दिवसभर त्यात वेळा, डॉक्टरांची नावं, खोल्यांचे नंबर भरायचे आणि पाच वाजता चाळीसच्या चाळीस एका दमात सेव्ह करून पर्स उचलायची. ही युक्ती तिने स्वतः शोधली होती. तेव्हाचे मोठे साहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, डोकं कसं वापरायचं ते हिच्याकडून शिका. ते वाक्य तिने घरी येऊन तीनदा सांगितलं.

घरी ऐकायला नवरा होता, सासूबाई होत्या आणि बेबी होती. बेबी म्हणजे धाकटी नणंद. एक्स्प्रेसनेच शब्द टाकून तिला त्याच विभागात, बाहेरच्या खिडकीवर चिकटवलं होतं. बेबी संथ. पेशंट बोलायचा थांबला की मगच ती लिहायला लागायची, लिहून झालं की त्याला वाचून दाखवायची. रांग वाढायची, आतून एक्स्प्रेसचा आवाज यायचा, "अगं, कादंबरी लिहितेस का?" सगळे हसायचे. बेबीही हसायची, पण वाचून दाखवायचं काही सोडायची नाही.

बारा वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी अकराच्या सुमाराला एक गवंडी एक्स-रेचा कागद द्यायला खिडकीवर आला. हाताची जखम चिघळलेली, शुक्रवारी सकाळी इंजेक्शन घ्यायची वेळ त्याला आधीच मिळालेली होती. शुक्रवारी नर्सने फाइल पाहिली, ॲलर्जीच्या रकान्यात काही नव्हतं, तिने इंजेक्शन दिलं, आणि वीस मिनिटांत तो माणूस गेला. त्याची बायको म्हणाली, हे औषध चालत नाही म्हणून ह्यांनी काल खिडकीवरच्या मुलीला सांगितलं होतं. बेबी म्हणाली, हो, सांगितलं होतं, आणि मी ते लिहिलं होतं. रकाना मात्र कोरा होता.

चौकशीत एक्स्प्रेसला बोलावलं. तिने सांगितलं की त्या गुरुवारी पाच वाजता ती फाइल मी माझ्या हाताने सेव्ह केली, तेव्हाही रकाना कोराच होता. यातला शब्द न् शब्द खरा होता. खरं बोलताना आवाज जसा स्वच्छ निघतो तसा तिचा निघाला, आणि समोरचे तिघे माना डोलावत राहिले. त्या संध्याकाळी तिने बेबीला समोर बसवून समजावलं की हट्टाला पेटलीस तर प्रकरण पोलिसांत जाईल, राहून गेलं म्हणून लिहून दे, फार तर नोकरी जाईल. बेबीने दोन दिवस नाही म्हटलं, तिसऱ्या दिवशी सही केली. नोकरी गेली. ठरलेलं लग्न आठवड्याभरात मोडलं. माणूस मारलेली मुलगी कोण करून घेणार, असं मुलाकडच्यांनी फोनवर स्पष्टच सांगितलं, आणि फोन सासूबाईंनीच घेतला होता.

तेव्हापासून बेबी मागच्या खोलीत बसून एका कपड्यांच्या कारखान्यासाठी काजं-बटणं करायची. घरात तिला कुणी टाकून बोललं नाही, हे एक्स्प्रेस अभिमानाने सांगायची, आणि ते खरं मानायलाही हरकत नाही. फक्त घराची किल्ली बेबीला कधी दिली गेली नाही. तिने गॅस बंद केला की मागोमाग कुणीतरी जाऊन पाहून यायचं. दूध तिने तापवलं तर सासूबाई उठून बसायच्या. एक्स्प्रेसचा मुलगा, म्हणजे तिचा भाचा, लहान होता तेव्हा त्याला औषध द्यायचं काम तिच्याकडे एकदाही आलं नाही. "बेबी, राहू दे, तुझ्या लक्षात राहणार नाही," हे वाक्य एक्स्प्रेस इतक्या मायेने म्हणायची की पाहुण्यांना तिचं कौतुक वाटे. पहिली काही वर्षं बेबी कधीतरी हळूच म्हणायची, वहिनी, मी लिहिलं होतं गं. मग तिने तेही म्हणायचं सोडलं. घरातल्यांना वाटलं, बरं झालं, विसरली एकदाची.

एक्स्प्रेस अठ्ठेचाळिसाची झाली आणि रुग्णालयाने नवी प्रणाली आणायचं ठरवलं. नोंदणीतल्या नऊपैकी तिघांना कॉम्प्युटर विभागात घेणार, बाकीच्यांची रवानगी कोठाराच्या खात्यात. अट एकच, बाहेरच्या वर्गात जाऊन सॉफ्टवेअरच्या रचनेचा अभ्यासक्रम पुरा करायचा. वर्ग घेणारे सर म्हणजे रुग्णालयाचं चालू सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वी ज्यांनी एकट्याने लिहिलं तेच. शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, बारा बाकं, एक फळा आणि खिडकीत ठेवलेले दोन उघडे कॉम्प्युटर, ज्यांचे आतले हिरवे पत्रे बाहेर लोंबत असत. शनिवार-रविवार सकाळी वर्ग.

सर फळ्याकडे तोंड करून बोलत आणि माणसाकडे वळत ते फक्त त्याचा पाणउतारा करायला. पहिल्याच दिवशी त्यांनी एक्स्प्रेसला विचारलं, "आजी, तुम्ही नातवाला सोडायला आलात का?" वर्ग हसला. मग त्यांनी प्रत्येकाला शंभर-शंभर कार्डं दिली, त्यावर विस्कटलेले आकडे, आणि म्हणाले, लावा. एक्स्प्रेसची बोटं सुटली. बाकीचे निम्म्यावर असताना तिचा गठ्ठा लावून तयार होता. ती मान वर करून बसली. सर आले, गठ्ठा पाहिला, आणि म्हणाले, "छान. आता दहा हजार कार्डं देतो. काय कराल, बोटं वाढवाल?"

तिचा चेहरा पडला. तीस वर्षं ज्याच्या जिवावर नाक वर ठेवलं, त्याची किंमत त्या माणसाने एका वाक्यात शून्य केली. मग सरांनी दाखवलं की गठ्ठ्याचे दोन भाग करायचे, त्यांचे पुन्हा दोन, एकेक कार्ड उरेपर्यंत, आणि मग जोड्या लावत परत यायचं. सावकाश हाताचा माणूससुद्धा असा गेला तर मोठ्या गठ्ठ्यात घाईच्या माणसाला कुठल्या कुठे मागे टाकतो. घरी जाऊन तिने जेवणाच्या टेबलावर पत्ते मांडून ते करून पाहिलं, पाच वेळा. पाचव्या वेळी तिच्या अंगावर काटा आला. आपण इतकी वर्षं नुसते धावत होतो, हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि नवल म्हणजे त्याचं वाईट वाटण्याऐवजी तिला हसू फुटलं.

इथून पुढचे पाच महिने तिच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. सरांनी दिलेलं विटेएवढं पुस्तक ती डब्याबरोबर नेऊ लागली. जुन्या पावत्यांच्या पाठीवर चौकोन आणि बाण काढू लागली. गणित सोडवायचं म्हणजे तेच गणित आणखी लहान करून स्वतःलाच विचारायचं, ही कल्पना तिला इतकी आवडली की ती बसमध्ये एकटीच हसायची. एखाद्या कामाच्या पोटातलं बाहेरच्याला दिसू द्यायचं नाही, त्याला फक्त दार दाखवायचं. एक गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही, कारण एक ना एक दिवस त्या दोन गोष्टी होतात. हे सगळं तिने ऐकलं आणि तिला वाटलं, आपल्याला हे आधीपासून ठाऊकच होतं, कुणी शब्द दिले नव्हते एवढंच.

सरांचं तोंड सुटलेलंच होतं. एका मुलीची वही त्यांनी वर्गासमोर मोठ्याने वाचली. ती रडत उठली तर म्हणाले, जाताना दार लावून घ्या. एक्स्प्रेसला त्या मुलीची कीव आली नाही. सरांचं बरोबरच आहे, असं तिला वाटलं. ज्याला जमत नाही त्याने कशाला यावं? एकदा सर तिला म्हणाले, "हे सगळं तुमच्या डोक्यात शिरतंय, मग इतकी वर्षं काय माती खात होतात?" हे वाक्यही तिने घरी येऊन तीनदा सांगितलं.

नवरा टीव्हीकडे बघत हूं हूं करायचा. ऐकायची ती बेबीच, काजं करता करता. रांगेचा धडा झाला त्या संध्याकाळी एक्स्प्रेस समजावत होती की काम एका टोकाने आत येतं, दुसऱ्या टोकाने बाहेर जातं. बेबीने दोरा तोडला आणि विचारलं, "पण दोघांनी एकदमच हात घातला तर? दोघांनाही वाटणार ना, हे काम आपलंच म्हणून?"

वर्गात हे कुणी विचारलं नव्हतं. "ते पुढे आहे पुस्तकात," ती म्हणाली. "तू काजं कर. हे तुझ्या डोक्याचं काम नव्हे, बेबी." बेबीने सुई उचलली.

पुस्तकातलं ते पुढचं प्रकरण एका रविवारी आलं. सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले आणि आज गोष्ट सांगतो म्हणाले. "दोन कारकून, एक फाइल. पहिला सकाळी उघडतो. त्याच्यापुढे आहे ती प्रत. अकराला दुसरा तीच फाइल उघडतो, एक ओळ लिहितो, सेव्ह करतो, मोकळा होतो. पहिल्याला पत्ता नाही, त्याच्यापुढे सकाळचीच प्रत. पाचला तो आपली प्रत सेव्ह करतो. काय उरलं?"

"पहिल्याचं," पुढच्या बाकावरून कुणी म्हणालं.

"आणि दुसऱ्याची ओळ?"

"पुसली गेली."

"पुसली असंही नाही. पुसलं तर डाग राहतो. ती ओळ कधी नव्हतीच. उद्या कुणी शोधायला आलं तर त्याला कोरी जागा दिसणार, आणि दुसरा कारकून बोंबलत बसणार की मी लिहिलं होतं. शेवटी लिहील त्याचं राहतं. दोघे प्रामाणिक, दोघांचं काम चोख, आणि माहिती गायब. उपाय सांगा."

एक्स्प्रेसचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. ती उभी राहिली. "फाइलला एक क्रमांक द्यायचा, सर. दर सेव्हला तो एकने वाढणार. उघडताना क्रमांक लक्षात ठेवायचा. सेव्ह करताना पाहायचं, तोच आहे का. नसेल तर मधे कुणीतरी लिहिलंय. मग सेव्ह होऊ द्यायचं नाही, पुन्हा उघडायला लावायचं."

सर फळ्यापासून वळले आणि पाणउतारा करायला वळले नव्हते. "शाब्बास, आजी," ते म्हणाले. एक्स्प्रेसच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळा सुटल्यापासून तिला कुणी असं शाब्बास म्हटलं नव्हतं.

"मलाही हेच करावं लागलं," सर रंगात येऊन सांगू लागले. "मला वाटायचं, फाइल उघडून माणूस फार तर दोन मिनिटं बसेल, दोघं एकाच वेळी कशाला येतील? मग एकदा दुरुस्तीला गेलो आणि मशीन महिनाभराची नोंद ठेवतं ती पाहिली, तर एक महामूर्ख बाई रोज सकाळी साडेनऊला चाळीस फायली उघडून ठेवत होती आणि पाचला सगळ्या एकदम सेव्ह करत होती. दिवसभरात दुसऱ्यांनी त्यात लिहिलेलं सगळं रोज पाच वाजता गडप. रोज. आणि ऑफिसात म्हणे तिचा सत्कार करत होते."

वर्ग खो खो हसला. एक्स्प्रेसही हसली. ती उभीच होती, शाब्बासकी अजून अंगात होती, आणि हसू तोंडावर आल्यावर मग तिला कळलं की ती कुणाला हसते आहे.

वर्ग सुटल्यावर ती बाकावरून उठली नाही. सर खडू झटकत होते. तिने विचारलं, "ती दुरुस्ती कधी केलीत, सर?"

"बारा एक वर्षं झाली असतील. का?"

तिला आठवलं. बेबीला काढल्यावर चार महिन्यांनी पडद्यावर एक सूचना यायला लागली होती, ही नोंद दुसऱ्याने बदलली आहे, पुन्हा उघडा. त्या सूचनेने तिची युक्ती बंद पाडली होती. तिने त्या सूचनेला वर्षभर शिव्या घातल्या होत्या, साहेबांकडे लेखी तक्रारही केली होती की काम मुद्दाम हळू केलं जातंय.

"ती बाई मी," ती म्हणाली. "आणि दुसरी माझी नणंद. एक माणूस मेला होता त्यात."

सरांनी खडू ठेवला. "कानावर आलं होतं," ते म्हणाले. "दोन आणि दोन चार मी केलेच होते. मोठ्या साहेबांना तोंडी सांगितलंही. ते म्हणाले, आता दुरुस्त झालं ना, मग झालं. त्या मुलीने स्वतः कबूल केलंय, उकरून काय काढायचं? मला कुणी लेखी विचारलं नाही, मीही दिलं नाही." मग फळा पुसत म्हणाले, "उदाहरण मात्र फार चांगलं आहे. याच्याइतकं स्वच्छ उदाहरण पुस्तकातही नाही." बारा वर्षं प्रत्येक तुकडीला ते ही गोष्ट सांगत आले होते आणि प्रत्येक तुकडी हसत आली होती.

ती घरी गेली नाही. समोरच्या बागेतल्या बाकावर ऊन चढेपर्यंत बसली. मन सारखं पळवाट शोधत होतं, आणि तिनेच शिकलेल्या गोष्टी एकेक वाट बुजवत होत्या. बेबीने खरंच लिहिलं नसेल तर? पण बेबी लिहून वाचून दाखवायची. सॉफ्टवेअरचा दोष, माझा नव्हे? पण फायली मी उघडल्या. मी खरंच सांगितलं होतं, रकाना कोरा होता? होता, कारण ती सकाळची प्रत होती. मी अकराची गोष्ट साडेनऊच्या कागदावर शोधली आणि शपथेवर सांगितली. पाच महिन्यांपूर्वी कुणी हे सांगितलं असतं तर तिने वाद घातला असता. आता वाद घालण्याइतकं अज्ञानही तिच्याकडे उरलं नव्हतं.

एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायलाच हवी. ती सोमवारी सकाळी सरळ रुग्णालयाच्या मोठ्या मॅडमकडे गेली. जुने साहेब कधीच निवृत्त झाले होते. या मॅडम कोरड्या, पण न्यायाच्या. एक्स्प्रेसने कागदावर चौकोन काढून सगळं सांगितलं. मॅडमनी सरांना फोन लावला. सरांनी आढेवेढे न घेता कबूल केलं, लिहून देतो म्हणाले, असं घडणं शक्य होतं.

"शक्य होतं," मॅडम म्हणाल्या. "घडलं असं ते लिहू शकत नाहीत, तेव्हाच्या नोंदी आता नाहीत. तिने ती ओळ लिहिली होती हे सांगणारं माणूस जगात एकच आहे. आणि तिच्या सहीचा कागद माझ्याकडे आहे, राहून गेलं म्हणून. तिने स्वतः येऊन सांगू दे, मी लिहिलं होतं, सही दडपणाखाली केली. मी चौकशी पुन्हा उघडते. तिचं नाव रेकॉर्डवरून साफ करते, त्या गवंड्याच्या घरच्यांनाही कळवते. पण मग दोष तुमच्यावर येईल. कॉम्प्युटर विभाग विसरा. कदाचित नोकरीही."

"येऊ दे," एक्स्प्रेस म्हणाली. हे तिने फारसा विचार न करता म्हटलं, आणि म्हटल्यावर तिला हलकं वाटलं. मॅडमनी बुधवारपर्यंतचा वेळ दिला.

घरी आधी नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगावं लागलं. नवऱ्याने टीव्ही बंद केला. सासूबाईंनी चष्मा काढला. "बारा वर्षं गेली तिची," त्या म्हणाल्या. "आता तुझीही नोकरी घालवून ती परत येणार आहेत का? आणि लोकांना काय सांगायचं, सून मारेकरी म्हणून? एक झाली तेवढी पुरे." पोटच्या पोरीबद्दल त्या हे बोलत होत्या. एक्स्प्रेस त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. ती मागच्या खोलीत गेली.

बेबी खिडकीपाशी शर्टांच्या ढिगात बसली होती. एक्स्प्रेस तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि कागदावर दोन चौकोन काढले. वर्गाला अर्धा तास लागला होता ते बेबीला दोन मिनिटांत कळलं. तिने नखाने बाण गिरवला. "म्हणजे तुझ्यापुढे सकाळचंच पान. मी अकराला काही लिहिलं असतं, तरी तुझ्या पाचच्या सेव्हने ते गेलं असतं."

"असतं नव्हे, बेबी. गेलं. तू लिहिलं होतंस. मी घालवलं." आणि मग तिने बाकीचंही सांगितलं, मॅडम, सर, बुधवार. "तू फक्त चल माझ्याबरोबर. एवढंच म्हणायचं, मी लिहिलं होतं. बाकीचं मी बघते."

बेबीने सुई शर्टात टोचून ठेवली. एक्स्प्रेसला वाटलं, ही आता रडेल, नाहीतर तोंडावर थुंकेल. दोन्हीची तिने तयारी ठेवली होती.

"पण मी लिहिलं नव्हतं, वहिनी," बेबी म्हणाली.

"अगं, तेव्हा तर गळा काढून सांगत होतीस."

"तेव्हा वाटत होतं तसं. नंतर आठवलं. त्याने सांगितलं, मी फाइल उघडली, रकान्यापर्यंत गेले, आणि मागे फोन वाजला. मी उठून फोन घेतला. परत आले तर खिडकीवर दुसराच माणूस उभा. मला सगळं दिसतं. फोनचा आवाजसुद्धा येतो."

तो फोन एक्स्प्रेसच्या ओळखीचा होता. सहीच्या त्या संध्याकाळी मजकूर तिनेच सांगितला होता, बेबीने फक्त उतरवून घेतला. नुसतं राहून गेलं असं लिहिलं तर साहेब लोक कारण विचारतील, म्हणून ती म्हणाली होती, फोन वाजला म्हणून उठले असं लिही. बेबीने विचारलं होतं, कुठला फोन? आणि ती म्हणाली होती, लिही गं, फोन काय दिवसभर वाजतच असतो.

"तो फोन मी घातला, बेबी," ती म्हणाली. "कबुलीला कारण हवं होतं म्हणून. असा फोन वाजलाच नव्हता. खिडकीवर फोन तरी होता का? आठवून बघ."

बेबीने खरोखर डोळे मिटून आठवून पाहिलं. "खिडकीवर नव्हता," ती म्हणाली. "आतल्या टेबलावर होता. तिथेच गेले मी." तिने डोळे उघडले. "तू कारण म्हणून सांगितलं असशील, पण ते खरंच तसं झालं होतं. तुला नसेल माहीत."

"बेबी, माझ्यासाठी नको. तुझ्यासाठी. तीन शब्द बोलायचेत."

"त्यात एक माणूस गेला, वहिनी. त्याच्या मरणावर मी खोटं बोलू?"

एक्स्प्रेसने पुन्हा चौकोन काढले. क्रमांक काढला. एकदा, दोनदा, निरनिराळ्या बाजूंनी तिने सिद्ध करून दाखवलं, आणि बेबी प्रत्येक पायरीला मान डोलावत राहिली, कारण प्रत्येक पायरी तिला पटत होती. शेवटी एक्स्प्रेसचा आवाज फुटला आणि तीच रडायला लागली, हुंदके देऊन, तोंडावर कागद धरून. बारा वर्षांत बेबीने तिला रडताना पाहिलं नव्हतं. तिने मांडीवरचा शर्ट बाजूला ठेवला आणि वहिनीच्या पाठीवर हात फिरवला.

"तू उगाच स्वतःला दोष देत बसू नकोस," ती म्हणाली. "तसं करत राहिलं की माणूस कामातून जातं. मला विचार."